खालच्या ओळीतले माझे पाय

कसरत करताना पंचविसाव्या बैठकीच्या आसपास माझ्या मांड्या लाकडाच्या व्हायच्या. दमणं वेगळं, दम मला फारसा लागतच नसे. आतून कोणी दोर पिळून गाठ मारावी तसं मांस आवळून यायचं, पाय ना सरळ होई ना वाके. थांबून दहा मिनिटं सावकाश चाललं की गाठ आपोआप सुटायची, आणि मग मी हैदराबादेत चिक्कडपल्लीहून नामपल्ली स्टेशनापर्यंत खुशाल चालत जाई. म्हणूनच कोणाचा विश्वास बसत नसे.

वडील वकील. त्यांनी मला आधी हकिमाकडे नेलं. हकीमसाहेबांनी नाडी पाहिली, "गर्मी है" म्हणाले आणि माजून नावाच्या चाटणाची डबी दिली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गुडघ्यावर टिचक्या मारल्या आणि पोरगा ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. परतताना टांग्यात वडील एवढंच बोलले, "आता आळस हा एकच रोग उरला." आणि त्या रोगावर औषध म्हणून मला बेगम बाजाराच्या मागल्या तालमीत घातलं. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. त्यानंतर मी कोणाला काही सांगितलं नाही.

लपवायला मात्र शिकलो. दहा-बारा बैठका झाल्या की थांबायचं, कुस्तीच्या हौद्यातली माती कपाळाला लावायची, मारुतीपुढे जाऊन डोळे मिटायचे. गाठ सैल झाली की परत यायचं. त्यामुळे मी फार भाविक असा तालमीत लौकिक झाला. वस्ताद म्हणायचे, "वकिलाचं पोर ते. मारुतीला दिवसातनं चारदा नोटीस बजावतंय." सगळे हसायचे, मीही हसायचो. मनात मात्र रोज धाक असायचा, की आज कळेल.

माझा चुलतभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. काका गेल्यावर काकू आणि तो आमच्याकडेच राहत. त्याचं अक्षर सुरेख होतं, उर्दूही आणि मोडीही. अदालतीत नकलनवीस म्हणून त्याची नेमणूक व्हायची होती. काकूंचा सगळा भरवसा त्याच्या उजव्या हातावर. तोही तालमीत यायचा, पण अंगानं काडी. म्हणून दसऱ्याला तालीम माणसांचा मनोरा रचायची त्यात तो सगळ्यात वर. खाली आम्ही चौघं अर्धी बैठक घेऊन, आमच्यावर दोघं, त्यांच्यावर तो. माझ्या मांड्या जन्मापासून जाडजूड, तेव्हा मी खालीच. वस्ताद वीस आकडे मोजत आणि "उतरा" म्हणत. विसापर्यंत मी कसाबसा तगत असे.

एकदा सरावानंतर विहिरीवर हातपाय धुताना तो म्हणाला, "दादा, तुझे पाय का रे थरथरतात? मला वर कळतं."

मी म्हणालो, "तूच हलतोस वर. खाली आम्हाला त्रास होतो."

"हौ?" तो ओशाळला. "बरं, मी जपून राहतो." त्या दिवसापासून तो घरी खुर्चीवर उभा राहून तोल सांभाळायचा सराव करू लागला. मी ते पाहत होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तालमीनं फोटोवाल्याला बोलावलं. मनोरा रचला. वस्तादांनी मोजणी केलीच नाही, कारण फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून बसला होता. तेवढ्यात ऊन गेलं. कापडातून आवाज आला, "हिलना नक्को! जरा ठैरो, बादल जाने दो."

मी मनातच आकडे मोजत होतो. विसाच्या पुढे गेलो तेव्हा मांड्या आवळल्या. तिसाला पाय माझे राहिलेच नाहीत. "उतरा" असा एक शब्द ओरडायचा होता. तोंड उघडलं की कळेल, पोरं हसतील, वस्ताद वडिलांना सांगतील, एवढंच डोक्यात होतं. मी दात आवळले. वरून त्याचा हळू आवाज आला, "दादा, मी हलत नाहीये ना?"

माझा उजवा गुडघा गेला.

तो हौद्याच्या मातीत पडला असता तर निभावलं असतं. तो दगडी कठड्यावर पडला, उजव्या कोपरावर.

दवाखान्यात त्याच्या हाताला फळ्या बांधल्या होत्या. काकू पायाशी बसल्या होत्या. तो मला म्हणाला, "मीच हललो ना रे?"

मी म्हणालो, "हो. थोडासा."

त्या संध्याकाळी मला लघवी काळ्या चहासारखी झाली. मी मरणार अशी माझी खात्री पटली, आणि मेलो तर बरंच, असंही वाटलं. तीन दिवसांनी रंग निवळला. त्याचं कोपर मात्र कधी सरळ झालं नाही. अदालतीतली जागा दुसऱ्या कोणाला गेली. तो डाव्या हातानं लिहायला शिकला आणि एका खासगी शाळेत मास्तर झाला. त्या दिवसानंतर तो कधी स्टुलावरही चढला नाही. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायची तरी मला हाक मारी. "आमचा तोल कच्चा," असं हसून पाहुण्यांनाही सांगे. मी जाऊन किल्ली देत असे.

सव्वीस वर्षं अशी गेली.

यंदा नागपंचमीला माझी चौदा वर्षांची मुलगी फुगडी घालता घालता मध्येच खाली बसली. पाय आखडले म्हणाली. बायकोनं तिला झिडकारलं, "नाटकं करते मेली. काम सांगितलं की हिचे पाय दुखतात." आता वेगळा राहणारा चुलतभाऊ जेवायला आला होता, तो ओसरीवर पान लावत होता. मी वर्तमानपत्र धरून बसलो. अक्षर दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको धावत बाहेर आली, "अहो, तिला लघवी काळी होतेय!" चुलतभाऊ तिच्या चौकशीला आला होता, तोही तिथंच होता.

घरात ते काय आहे हे जाणणारा मी एकटाच होतो. मी म्हणालो, "तिला खूप पाणी पाज. ती नाटक करत नाहीये. मला हेच होतं." आणि मग थांबता आलं नाही. बैठका, मारुती, माती, फोटोवाला, सगळं सांगितलं. चुलतभावाकडे पाहायची हिंमत झाली नाही.

तो म्हणाला, "म्हणजे मी हललो नव्हतो?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. माझा गुडघा गेला."

त्यानं वाकडं कोपर डाव्या तळव्यात धरलं. मग उठला. "वहिनी, पोरीला तयार करा. मी टांगा आणतो."

डॉक्टर तरुण होते. असा रोग आपण वाचलेला नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. पण तिला आळशी म्हणाले नाहीत. धावणं, फुगडी बंद, पाणी भरपूर. मग मला विचारलं, "आपको ये कितने साल से मालूम है?"

दारात उभा असलेला चुलतभाऊ म्हणाला, "छब्बीस," आणि बाहेर गेला.

मुलगी आता बरी आहे. तो रोज तिच्या चौकशीला येतो, तिच्याशी बोलतो, वहिनीशी बोलतो. माझ्याशी बोलत नाही. अंगणात त्याची चाहूल लागली की आतल्या खोलीत जाऊन बसावंसं वाटतं. पण मी जात नाही. ओसरीवरच बसून राहतो.