शेवटचा फर्मा

मिसर देशातल्या एका राणीच्या थडग्यातली पेटी खामगावच्या कापूस व्यापाऱ्याच्या घरी येते. तो ती उघडतो आणि राणीचा शाप त्याला लागतो. आपल्या माणसांची नावं तो एकेक करून विसरू लागतो. आधी नोकरांची, मग भावांची, मग बायकोचं.

ही कादंबरी मेहकरच्या एका शाळामास्तरांनी लिहिली होती. आमच्या कॉलेजच्या मराठी विभागाने जिल्ह्यातलं एक विसरलेलं पुस्तक पुन्हा छापायचं ठरवलं, तेव्हा मी भीत भीत हिचं नाव सुचवलं. सरांनी काम माझ्यावरच सोपवलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आपल्या हातून चूक होता कामा नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

एकच प्रत उरली होती, ती मास्तरांच्या मुलीकडे. त्या आता खूप थकल्यात, डोळ्यांनी दिसत नाही. मी त्यांना आजी म्हणते. कादंबरीतल्या व्यापाऱ्याच्या मुलीला मास्तरांनी आजींचंच नाव दिलं होतं. शेवटचं प्रकरण भीतीचं आहे, मोठी झाली की वाच, असं मास्तर म्हणाले होते. पुढे ते गेले, मग आजींना वाचायचा धीर झाला नाही, आणि मग नजरच गेली. मी लगेच वाचून दाखवते म्हणाले, तर त्यांनी हात हलवला.

"आता नाही. नवं पुस्तक आलं का पहिल्या पानापासून वाच. बाप शेवटी पोरीचं नाव घेते का नाही, तेवढं मले ऐकाचं आहे."

प्रेसवाल्यांनी सांगितलं होतं, फोटोसाठी पान सपाट हवं. म्हणून मी शिवण उसवली. सोळा पानांचा एक, असे फर्मे सुटे केले आणि रोज दुपारी अंगणातल्या उजेडात मोबाइलने फोटो काढत गेले. शेवटचा फर्मा राहिला आणि मोबाइल भरला. तो मी कापडात गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवला. आमच्या घरात उंच आणि कोरडी जागा ती एकच.

घटस्थापना जवळ आली होती. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात असताना आईने घर झाडायला काढलं. परत आले तर फळी धुतलेली.

"ते पोथी पार सुटून गेली होती," आई म्हणाली. "निर्माल्यासंगं पैनगंगेत सोडून आली. पाया पडून सोडली."

आईला वाचता येत नाही. जीर्ण पोथी आमच्याकडे जाळत नाहीत, फेकत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. आणि पोथीच्या जागेवर तो फर्मा ठेवला कोणी होता? मीच.

मी रडते आहे हे बघून ती घाबरली. काय झालं ते सांगितल्यावर माझ्यासोबत नदीवर आली आणि लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरली. बाभळीच्या फांदीला झेंडूची माळ अडकली होती, ते कापडही सापडलं. कागद नव्हता. दुसऱ्या दिवशी ती मला न सांगता एकटीच पुन्हा जाऊन आली.

मी तीन वाचनालयांत विचारलं. मोताळ्याच्या एका निवृत्त गुरुजींनी ही कादंबरी लहानपणी वाचली होती म्हणे, पण त्यांना पेटी आठवत होती, शेवट नाही.

शेवट मी वाचला होता. एकदाच, पहिल्या दिवशी, एसटीत उभ्याने. व्यापारी ओसरीवर बसलेला असतो. मुलगी समोर येते आणि विचारते, मी कोण? तो तोंड उघडतो. त्यापुढे दोन-तीन ओळी होत्या, आणि तेवढ्यात माझं गाव आलं. त्या ओळींवरून नजर फिरली होती एवढं नक्की. तो नाव घेतो असं एका दिवशी वाटायचं, घेत नाही असं दुसऱ्या दिवशी. इतक्या वेळा दोन्ही मनात रचलं की खरं कोणतं, ते मलाच कळेना.

अखेर आजींकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू वाचलं होतं ना?" त्यांनी विचारलं. "मग सांग. घेते का?"

हो म्हणणं सोपं होतं. एक शब्द, आणि तो खोटा आहे हे जगात कुणाला कळलं नसतं. माझ्या तोंडाशी आला होता तो. आजींनी मान किंचित पुढे केली होती.

"आठवत नाही, आजी," मी म्हणाले.

मान मागे घेत त्या म्हणाल्या, "मग आठवते तितकंच छाप. माह्या बापाच्या तोंडी तुह्ये शब्द नको घालू."

आता प्रुफं आली आहेत. हरवलेल्या सोळा पानांच्या जागी मला आठवतं तेवढंच, एका पानात आलं आहे. दर रविवारी मी ती आजींना वाचून दाखवते. गेल्या रविवारी शेवटच्या पानाला पोचले. तो तोंड उघडतो, इथपर्यंत वाचलं. खाली पान कोरं आहे. मी थांबले. आजी तशाच ऐकत बसून राहिल्या, आणि वाचून झालं हे त्यांना सांगायला माझं तोंड उघडेना.