जिभाऊने तीनदा मागितलं

मागच्या रविवारी म्हसावदला आमच्या घरी एक मागणी झाली... आणि मागणी घालणारे आम्ही होतो, मुलाकडचे! आमच्याकडे मुलाचा बाप पान खात बसतो आणि मुलीकडचे बोलतात. इथे सगळंच उलटं.

मुलगा म्हणजे माझा भाचा हेमंत. तुर्कस्तानात इझमीरला नोकरीला आहे, तिथेच त्याला एलिफ भेटली. एलिफला तिच्या आजोबांनी वाढवलंय. आजोबांचं म्हणणं एकच... मुलाच्या घरच्या थोरल्याने स्वतःच्या तोंडाने मुलगी मागायला हवी. परमुलुख, परधर्म, घर कसं ते माहीत नाही. निदान माणूस तरी बोलताना दिसू दे.

आणि आमचा थोरला म्हणजे जिभाऊ. माझा मोठा भाऊ, हेमंतचा बाप; पोरंसुद्धा त्याला जिभाऊच म्हणतात. पपईच्या बागेत मजुरांशी दिवसभर गप्पा मारेल, पण परका माणूस समोर आला की गप्प. बँकेचा फोन असो की सोयरिकीचं बोलणं, फोन माझ्या हातात देणार आणि म्हणणार, "तू बोल."

हे असं का, ते मला पक्कं माहीत आहे. मी डी.एड.ला असताना जिभाऊ डबा घेऊन आला होता. माझ्या मैत्रिणींना त्याने विचारलं, "तुमनी शाया कधळ सुटस?" शाळा कधी सुटते, एवढंच. आमच्या अहिराणीत शाळेला शायाच म्हणतात. मैत्रिणी हसल्या... आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. तो डबा ठेवून एसटीला निघून गेला. तेव्हापासून "तू बोल" सुरू झालं. आज मी नवापूरला मराठीची शिक्षिका आहे, पण ते हसणं मी अजून विसरलेले नाही.

म्हणून सुट्टीत माहेरी आल्याआल्याच मी सांगून टाकलं, की मी इंग्रजीत बोलते, एलिफ आजोबांना सांगेल. जिभाऊने मान हलवली. म्हणाला, "पोर मांगानी शे. दुसरानं तोंड लईसन मांगतस का?" हिंदीत बोल, हेमंत सांगेल म्हटलं, तर तेही नको. ज्याच्याकडे मागायचं, त्याच्याच भाषेत मागायचं, असं त्याचं ठरलेलं होतं.

हेमंतने एक वाक्य रेकॉर्ड करून पाठवलं, सोबत त्याचं तुर्की स्पेलिंगही. 'तुमची मुलगी आमच्या मुलासाठी मागतोय', बस एवढंच. मी ते वहीत लिहून घेतलं... किझिनिझी ओग्लुमुझा इस्तियोरुझ. वहीतलं दिसायला सोपं, पण त्यातली पहिली 'इ' आपली नाहीच. ओठ 'ई'चे ठेवायचे आणि आवाज 'उ'चा काढायचा. करून बघा... वहिनी पोळ्या लाटता लाटता आमची तोंडं बघून लोटपोट!

दुसऱ्या शब्दात एक 'ग' आहे. तो लिहायचा पण म्हणायचा नाही, फक्त आधीचा 'ओ' लांबवायचा. आता मी पडले मास्तरीण, लिहिलेलं अक्षर सोडवत नाही. दर वेळी 'ग' निघतोच. जिभाऊ वहीकडे बघतच नव्हता. डोळे मिटून फोन कानाला लावायचा आणि ऐकलं तसं म्हणायचा. तिसऱ्या दिवशी त्याचं माझ्यापेक्षा बरं झालं. वर मलाच विचारतो, "जे बोलानं नही, ते लिखतस कायले?"

पंधरा दिवस हे चाललं. ठिबकच्या नळ्या तपासताना, गाईला चारा टाकताना... बागेतल्या बायांना तर वाटलं, जिभाऊने कसलं तरी व्रत धरलंय.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावून फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. जिभाऊने इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी नीट केली. पलीकडे सोफ्यावर आजोबा, बाजूला एलिफ आणि कोपऱ्यात नवरदेवासारखा लाजलेला हेमंत.

जिभाऊने हात जोडले आणि वाक्य म्हटलं.

आजोबा गप्प. नुसते बघत राहिले.

नाही कळलं वाटतं... मी पुढे सरकले, पण जिभाऊने हातानेच मला थांबवलं. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं, सावकाश. तरी आजोबा गप्प. मग तिसऱ्यांदा. या वेळी आवाज जरा कापला, पण एकही अक्षर सुटलं नाही.

आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि काहीतरी बोलले. एलिफ रडत रडत हसली. हेमंत म्हणाला, "जिभाऊ, त्यासले पहिल्या येळलेच समजनं व्हतं. त्यासले परत आयकानं व्हतं."

आणि आजोबांचा होकार आला.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि खूप रडले. ज्या माणसाचं बोलणं मी एकदा हसून बंद केलं, त्याचं तेच बोलणं कुणाला तरी तीनदा ऐकावंसं वाटलं. बाहेर आल्यावर जिभाऊला एवढंच म्हणू शकले, की डी.एड.च्या त्या दिवशी माझं चुकलं. तो म्हणाला, "चहा ठेव."

संध्याकाळपर्यंत त्याने शहाद्यापासून सुरतेपर्यंतच्या सगळ्या सोयऱ्यांना फोन लावले. ओट्यावर बसून, मोठ्या आवाजात, एकेकाला सगळी हकिकत सांगितली. त्या दिवशी फोन माझ्या हातात एकदाही आला नाही.

इझमीरच्या त्या आजोबांचे उपकार मी कसे फेडू... त्यांचं नावसुद्धा मला अजून नीट म्हणता येत नाही. जिभाऊला येतं.