वानखेड्यांचा कान

वानखेडे गेल्याची बातमी मला सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कळली. 'आपले लाडके कोआला काका आज सकाळी हार्ट अटॅकने गेले', असं सेक्रेटरींनी लिहिलं होतं आणि खाली पांडाचं चित्र टाकलं होतं. दुपारपर्यंत त्या पांडाखाली बावन्न जणांनी हात जोडले. हा पांडा आहे, एवढंसुद्धा त्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. कर्वेनगरातल्या आमच्या सुशिक्षित सोसायटीने वानखेड्यांना शेवटपर्यंत किती ओळखलं होतं, ते सांगायला एवढं पुरे आहे.

वानखेडे मूळचे अमरावतीकडचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. "एक खराब नग पुढे गेला सर, तर तो कोनाच्या हातात फुटंल सांगता येत नाही," असं ते म्हणत. निवृत्तीनंतर सहा महिने ते ऑस्ट्रेलियात मुलीकडे राहिले. तिथे काही मंडळी जंगलातल्या झाडांवर आवाज टिपणारी यंत्रं बांधतात, आणि ती रेकॉर्डिंगं तुमच्या-आमच्यासारखी साधी माणसं घरबसल्या ऐकतात. एकेक मिनिटाचं रेकॉर्डिंग. त्यात कोआलाची हाक आली तर 'हो', नाहीतर 'नाही'. कोआला दिसतो मऊ खेळण्यासारखा, पण नराचा आवाज मात्र जुनी मोटरसायकल किक मारून सुरू होऊ नये तसा, मध्येच डुकरासारखा घुरघुरणारा. कुठली झाडं राखायची, हे त्या उत्तरांवरून ठरतं. वानखेडे परत आले ते हे काम बरोबर घेऊनच. रोज सकाळी चहा झाला की कानाला इयरफोन.

त्यांचा एकच गुन्हा झाला. आपल्याला जे मोलाचं वाटतं ते शेजाऱ्यांनाही वाटेल, असं त्यांनी धरलं. क्लबहाउसात सभा घेतली, वानखेडेवहिनींनी सगळ्यांसाठी बटाटेवडे केले. पंधरा जणांनी नावं दिली, ग्रुप फोटो काढला, सेक्रेटरींनी 'ग्लोबल सिटिझन' असं काहीतरी लिहून तो चार ठिकाणी पाठवला. मीही नाव दिलं. तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेला माणूस मी, मला कोण काय शिकवणार!

पुढे काय झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. 'हो' दाबलं की पडद्यावर आभाराचे दोन शब्द आणि एक हसरा कोआला यायचा. 'नाही' दाबलं की काहीच नाही. आठवड्याभरात आमच्या सोसायटीला जिकडे तिकडे कोआला ऐकू येऊ लागले. पावसात कोआला, ट्रकमध्ये कोआला, कावळ्यात कोआला. कुणाची नातवंडं बटणं दाबत होती, कुणी मालिका बघताना दाबत होतं. आणि मी... मी आवाज बंद ठेवून दाबत होतो. प्राध्यापकाला ऐकायची काय गरज?

गटप्रमुख म्हणून कुणी किती वेळ घेतला ते वानखेड्यांना दिसायचं. एका संध्याकाळी ते माझ्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"सर, चाळीस रेकॉर्डिंगं तुम्ही दहा मिनटात ऐकली?"

"अहो वानखेडे, सवयीने कळतं."

"नाही ना जी. तुम्ही ऐकलंच नाही."

"ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाने काय फरक पडणार आहे?" मी म्हणालो. हे वाक्य मी वर्गात एखाद्या पोराकडून ऐकलं असतं तर त्याला बाहेर काढलं असतं. वानखेडे वळले आणि दोन मजले चढून आपल्या घरी गेले. त्याच आठवड्यात त्यांनी तिकडे कळवून टाकलं, की आमच्या सोसायटीची सगळी उत्तरं रद्द करा, माझी तेवढी पुन्हा तपासून घ्या.

एवढा अपमान आमच्या सोसायटीला कधी सोसावा लागला नव्हता. पार्किंगमध्ये बेकायदा खोली बांधली तेव्हा कुणी पेटलं नाही, या गोष्टीवर मात्र सभा भरली. 'फुकट वेळ देऊन वर हे ऐकायचं?' असं सेक्रेटरी म्हणाले. 'कोआला काका' हे नाव त्याच दिवशी पडलं. मीही हसलो. त्यानंतर वर्षभर आम्ही जिन्यात भेटलो तरी नुसती मान हलवायचो. माफी मागायला दोन मजले चढायचे होते... मी चढलो नाही.

त्या वर्षात काय घडलं, हे मला वानखेडे गेल्यावर, क्लबहाउसात शोकसभेआधी, वहिनींकडून कळलं. एका रेकॉर्डिंगला तिकडच्या तिघांनी 'नाही' म्हटलं होतं. पाऊस आणि मागे हमरस्त्याचा गोंगाट. वानखेड्यांनी ते दोन दिवस ऐकलं आणि 'हो' लिहिलं. मुलीकडून इंग्रजी नीट करून घेऊन पत्रं पाठवली. शेवटी तिकडची माणसं त्या झाडीत गेली. रस्ता रुंद करायला ती तोडायची ठरली होती. तिसऱ्या दिवशी उंच फांदीच्या बेचक्यात नर सापडला. तोडणी थांबली. झाडं आज तरी उभी आहेत. वानखेड्यांनी हे इथे कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला?

पण मुलीच्या तोंडून ते सेक्रेटरींच्या कानावर गेलं, आणि शोकसभेत ते गहिवरून म्हणाले, "आपल्या सोसायटीने एक कोआला वाचवला!" टाळ्या पडल्या. शोकसभेत. मग 'तज्ज्ञ' म्हणून मला उभं केलं. मी म्हणालो, "माझी चाळीसच्या चाळीस उत्तरं खोटी होती. तुमचीही. वाचवला तो त्यांनी एकट्याने, आणि आपल्याला वगळून."

"सर, आज हा विषय नको," सेक्रेटरी म्हणाले, आणि चहा आला.

महिन्याभराने मी ते दोन मजले चढलो. वहिनी त्यांच्याच खुर्चीत, कानाला इयरफोन लावून बसल्या होत्या. इंग्रजी येत नाही, पण कुठलं बटण कशाचं ते मुलीने दाखवून ठेवलं होतं.

"यांची एकोणीस राहिली होती. ती संपवली, तर आणखी आली," त्या म्हणाल्या. "बसा ना, सर. याच्यात आहे का बघा. मला तर वाटत नाही."

मी पूर्ण एक मिनिट ऐकलं. वारा, एक पक्षी, लांबून जाणारी गाडी. पुन्हा ऐकलं.

"नाही," मी म्हणालो.

वहिनींनी माझ्या हातातून इयरफोन घेतला, रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः ऐकलं, आणि मगच 'नाही'चं बटण दाबलं.