जावई गाडीखाली असताना

जॅक सरकला तेव्हा जावई गाडीखाली होता. आधी खाडकन आवाज झाला, मग गाडी एका अंगाला कलली आणि खाली बसली. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे दोन पाय. एका पायातली चप्पल उडून गुलाबाच्या वाफ्यात पडली होती.

मी म्हटलं, "जावईबापू, आहात का?"

आतून आवाज आला, "आहे, आई."

"श्वास येतोय?"

"येतोय. पण पूर्ण नाही येत."

मी खाली वाकून पाहिलं. गाडी पुढच्या डाव्या चाकाच्या जागी खाली आली होती. ते चाक त्यानेच काढलं होतं आणि मी ते गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवलं होतं. गाडी त्या चाकावर टेकली होती, पण जेमतेम. दोन बोटं कड टायरवर होती, बाकी हवेत. खालच्या विटा पावसाने ओल्या. गाडी अजून दोन बोटं सरकली असती तर मुलीला काय सांगायचं, हा विचार माझ्या मनात आला. तो बाजूला सारला, कारण मुलगी वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होती आणि मी तीन वेळा हाक मारूनही तिला ऐकू गेलं नव्हतं.

"हलू नका. एक बोटही हलवू नका," मी सांगितलं.

"आई, टॉर्क पाना माझ्या पोटावर आहे."

"असू दे. त्याला काही झालेलं नाही."

हे नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातलं. कोरोनाचं पहिलं वर्ष, ऑक्टोबर महिना. मी मुलीकडे तीन महिन्यांसाठी आले होते. विमानं बंद झाली आणि मी राहिले. जावई आइंडहोव्हनला इंजिनियर. केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या रेघा काढणारी यंत्रं असतात, त्यांचं काही बघतो. मी चौथी शिकलेली. पण माझ्या नवऱ्याचं मनमाडला जीपगाड्यांचं गॅरेज होतं आणि सव्वीस वर्षं गाडीखाली उजेड पाडायची बॅटरी मी धरली. बॅटरी धरणाऱ्याला सगळं दिसतं. खाली झोपलेल्याला फक्त समोरचा बोल्ट दिसतो.

सुरुवात अशी झाली. लॉकडाऊनमध्ये गाडी कुरकुरायला लागली. इथे गल्लीगल्लीत गतिरोधक. एकेकावरून जाताना गाडी जुन्या खाटेसारखी बोलायची. जावयाने व्हिडिओ बघून पुढचे दोन्ही आर्म बदलले. चाकाला गाडीशी जोडून धरणारा लोखंडी हात असतो, तो आर्म. त्याच्या टोकाला रबराचा बुश. बोल्ट आवळला की रबर आहे त्या जागी पकडलं जातं. आता गाडी उचललेली आणि चाक खाली लोंबतंय, तेव्हाच बोल्ट आवळला, तर गाडी खाली आल्यावर त्या रबराला कायमचा पीळ बसतो. मान वाकडी ठेवून झोपल्यासारखं. म्हणून बोल्ट आधी नुसते लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोनचार वेळा दाबून हलवायची आणि मग आवळायचे. नवरा हे प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा, आणि तो नवा माणूस प्रत्येक वेळी विसरायचा.

जावयाने टॉर्क पान्यावर जोराचा आकडा लावून, तो टिक वाजेपर्यंत, फार सुंदर आवळले. गाडी हवेत असताना.

मी काही बोलले नाही. आमच्याकडे सासू जावयाला शिकवत नाही. त्याने काही मागितलं तर वाढायचं, काही चुकलं तर मुलीला सांगायचं. मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तो इंजिनियर आहे." मी म्हटलं, "म्हणूनच सांगतेय." ती हसली आणि विषय तिथेच संपला. तिने त्याला सांगितलं नाही. कारण तिलाही वाटलं, आईचं काहीतरी जुनं असेल.

आठ दिवसांत गाडी पुन्हा कुरकुरायला लागली. मग त्याने दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या सळईवर संशय धरला. वळणावर गाडी कलू नये म्हणून ती असते, मेकॅनिक तिला स्टॅबिलायझर म्हणतात. तिलाही रबराचे बुश. ते कोरडे पडले असतील म्हणून त्याने वंगण शोधलं, आणि सापडलं काय तर माझ्या डोक्याचं खोबरेल तेल. इथल्या थंडीत त्याचा दगड झालेला. त्याने बाटली हीटरवर ठेवून तेल पातळ केलं आणि बुशांना चोळलं. चार दिवस गाडी गप्प. घरभर आनंद. पाचव्या दिवशी आधीपेक्षा मोठ्याने. रबराला तेल लावलं की ते फुगतं आणि सैल पडतं, हे कुकरची रिंग धुणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. पण मी मुलीला सांगितलं, आणि मुलगी मीटिंगमध्ये होती.

मग त्या दिवशी त्याने फक्त डावी बाजू जॅकवर उचलली, चाक काढलं आणि आत शिरला. मला राहवलं नाही. मी विचारलं, "खाली घोडे नाही लावत?"

"स्टँड मागवलेत, आई. पार्सल उशिरा येतंय. हा जॅक दोन टन उचलतो, गाडी सव्वा टनाची आहे."

जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. हे तोंडापर्यंत आलं होतं. पण जावई. मी काढलेलं चाक लोळवत नेलं आणि गाडीच्या कडेखाली आडवं पाडलं.

"आई, ते कशाला?"

"वाटेत येतंय."

एक बाजू वर, एक खाली, म्हणजे ती सळई पिळलेली असते. दोन्ही बाजू सारख्या उचलल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. त्याने टोकाचा नट काढला. सळईने पीळ सोडला, गाडीला धक्का बसला आणि जॅक आडवा झाला.

माझं ओरडणं मुलीने ऐकलं नाही, पण शेजारच्या डच म्हाताऱ्याने ऐकलं. माझ्याच वयाचा, उंच, लांब मानेचा. तो कुंपणाशी आला आणि थांबला. दीड मीटर. त्या वर्षात तो दीड मीटर डोळ्यांनी मोजायचा आणि चुकायचा नाही. त्याने काहीतरी विचारलं. मला डच येत नाही, त्याला मराठी येत नाही. दुभाषा गाडीखाली.

"आई, ते विचारतायत, ॲम्ब्युलन्स बोलवू का?"

"ॲम्ब्युलन्स गाडी उचलत नाही. त्यांची ती घरासारखी गाडी आहे ना, कॅराव्हॅन, तिचा जॅक आणि लाकडाचे ठोकळे आणायला सांगा. पळत."

जावयाने सांगितलं. म्हातारा पळाला. सत्तरीच्या माणसाला लाकडी बुटांसारख्या चपला घालून पळताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तो परत आला. जॅक आमच्या दोघांच्या मधोमध ठेवला आणि तीन पावलं मागे सरकला. मी पुढे गेले, जॅक उचलला. मग त्याने ठोकळे ठेवले, मागे सरकला. मी पुढे गेले. आमच्या आजीला गावात पाणी असंच लांबून वरून ओतायचे. इथे निदान रोगाचं कारण तरी होतं.

आधी ठोकळे घातले, मग जॅक. गाडीच्या कडेला जाड जागा असते तिथेच लावला. एक दांडा, पुन्हा एक दांडा. गाडी कण्हत वर यायला लागली.

"आई, छातीवरचं सुटलं!"

"गप्प पडा. मी सांगेपर्यंत गप्प."

म्हातारा लांबून काहीतरी सारखं सांगत होता.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तुम्ही जॅक तिरका लावलाय."

"त्यांना सांगा, तुमचेच डोळे तिरके आहेत."

आतून डचमध्ये दोनच शब्द ऐकू आले.

"सांगितलं का?"

"सांगितलं, की तुम्ही थँक्यू म्हणताय."

अजून एक ठोकळा गेला. टायर मी अजून आत ढकलला, आता गाडी घसरली तरी हातभर कड त्यावर बसली असती. मी म्हाताऱ्याला हाताने ओढायची खूण केली. तो पुढे आला, वाकला, जावयाचे दोन्ही घोटे धरले. जावई साडेपाच फुटांचा. म्हातारा त्याच्या पायाशी, मी डोक्याच्या बाजूला जॅकपाशी. नियम पाळला गेला.

म्हाताऱ्याने ओढलं. जावई बाहेर आला, आधी पोट, मग टॉर्क पाना, मग काळं झालेलं तोंड. कपाळावर खोक, छातीवर आडवा लाल पट्टा. तो उठून बसला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "आई, गणित बरोबर होतं."

"गाढवा," मी म्हटलं. लग्नानंतर सहा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा एकेरीत बोलले. "मूर्खा! एका बाजूने गाडी उचलून स्टॅबिलायझर सोडतोस? हवेत बोल्ट आवळतोस? माझं तेल रबराला लावतोस? तुझं गणित बरोबर, आणि माझी मुलगी विधवा!"

त्याने बाहीने तोंड पुसलं आणि विचारलं, "हवेत आवळले म्हणजे काय?"

म्हातारा जायला तयार नव्हता. त्याला पुढचं बघायचं होतं. त्याच्या कॅराव्हॅनचे दोन पिवळे उतार होते, चाक चढवून गाडी सरळ करायचे. चाक बसवलं, गाडी खाली उतरवली आणि हळूच त्या उतारांवर चढवली. मागच्या चाकांना ठोकळे मीच लावले आणि लाथ मारून बघितले. आता गाडी स्वतःच्या पायांवर उभी होती आणि खाली हात जात होता. बुशांवरचं तेल साबणाच्या पाण्याने धुतलं. म्हाताऱ्याने रबराला चालणारं सिलिकॉनचं ग्रीस आणून दिलं, पुन्हा मधोमध ठेवून. फुगलेले बुश बदलावे लागणारच होते, पण तोवर ते भागणार होतं. सळईचा काढलेला नट परत लावला, मग आर्मचे सगळे बोल्ट सैल केले. रबराने सुटल्यावर टक्क असा आवाज केला, तो जावयानेही ऐकला.

"दाब आता बॉनेट. जोरात. चार वेळा."

त्याने दाबलं. म्हाताऱ्यानेही दुसऱ्या टोकाने दाबलं. मग मी बॅटरी धरली आणि जावयाने कडेला पडून हात घालून आवळलं. टिक, टिक, टिक. पाना चांगला होता, मी काही त्याला नावं ठेवत नाही.

तेव्हा मुलगी चहाचा कप घेऊन खाली आली. नवऱ्याच्या कपाळावर रक्त, आई चिखलात गुडघ्यांवर, शेजारी बॉनेटला टेकलेला.

"काय झालं?"

"काही नाही," जावई म्हणाला, "आईंनी बोल्ट आवळून घेतले."

"तू त्याला अरे-तुरे करतेस?" ती मला म्हणाली. जिना उतरताना तिने माझं 'दाब आता' तेवढंच ऐकलं होतं.

"आजपासून करते," मी म्हटलं.

कपाळाला तीन टाके पडले. बरगडीला चीर होती. डॉक्टर म्हणाले, हसू नका. दोन आठवडे आम्ही जेवताना त्याच्याशी बोललो नाही, म्हणजे तो हसणार नाही. त्या हिवाळ्यात म्हाताऱ्याला कोरोना झाला, मग मुलीला, मग मला. जावई त्यातूनही वाचला, त्याला झालाच नाही. म्हातारा, मुलगी आणि मी, आम्हीही वाचलो.