गेटवर अडवलेला जावई

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि धोंड्याचा महिना चालू होता.

त्या साली मी मानवतच्या अलीकडं हमरस्त्याला लागून असलेल्या वॉटर पार्कच्या गेटवर होतो. त्याआधी सव्वीस वर्षं जिनिंगच्या गेटवर काढली. जिनिंगमध्ये कापसाचे डोंगर, एक ठिणगी पडली तर काही उरत न्हाई. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातली काडीपेटी काढून घ्यायची, हे माझं काम. खुद्द सेठच्या खिशातलं लायटर मी काढून घेतलंय. पहिल्यांदा ते चिडले. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच काढून माझ्या हातात दिलं. शाळा माझी चौथीत सुटली, पण गेट कसं राखायचं हे मला कुणी शिकवावं लागलं न्हाई.

वॉटर पार्कचा मालक मला बोलवायला घरी आला होता, हे सांगायला मला आजही बरं वाटतं. पार्क सुरू झालं त्याच उन्हाळ्यात तिथं लय वाईट प्रकार झाला. रविवारी पिऊन आलेली दहा-बारा माणसं बायका-लेकरांच्या हौदात उतरली. एकानं पाण्यातच ओकलं. एकजण बनियन काढून, गरगर फिरवत लेकीबाळींसमोर नाचला. बाया ओल्या कपड्यांनी लेकरं उचलून बाहेर पळाल्या. पुढं कितीतरी रविवार पार्क ओस. मालकानं काळे कपडे घातलेले चार दांडगे गडी ठेवले, तर तेच कपडे बदलायच्या खोलीमागं बाटल्या उघडून बसायचे. मग कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं.

माझी तऱ्हा वेगळी होती. मी स्टुलावर बसायचो. बाप्या माणूस आला की कानामागं हात धरून विचारायचो, "गाव कोणतं?"

तो म्हणायचा, "वालूर."

"ऐकू येईना, जवळ येऊन सांगा."

मग तो वाकून माझ्या कानाशी मोठ्यानं "वालूर" म्हणायचा, आणि जे कळायचं ते माझ्या नाकाला कळायचं. माझे कान आजही ठणठणीत हायेत. पण न पिलेल्या माणसाला तोंडाचा वास दाखव म्हणणं म्हणजे त्याची बेइज्जती. लेकराबाळांना घेऊन आलेला असतो बिचारा. गाव विचारलं तर कुणाला राग येत न्हाई, उलट माणूस छाती फुगवून सांगतो. पिलेला निघाला की मी उठून उभा राहायचो आणि बाहेरच्या लिंबाच्या झाडाखालचा दगड दाखवायचो. तिथं बसा, न्हाई तर घरी जा. शिव्या खाल्ल्या, एकदा कॉलर धरली गेली, पण माझ्या गेटमधून पिलेला माणूस आत गेला न्हाई. पुढंपुढं बचत गटाच्या बाया टेंपो करून यायला लागल्या. टेंपोतूनच विचारायच्या, "म्हातारा हाय का गेटवर? हाय? मग उतरा गं!" हे मी या कानांनी ऐकलंय.

माझी लेक सोनपेठला दिलेली. धोंड्याच्या वाणासाठी शनिवारी ती, जावई आणि नात येणार होते. रविवारी सकाळी जावयाला पाटावर बसवून पाय धुवायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, असं ठरलं होतं. आमच्या घरवालीनं आठ दिवस आधीपासून तांदूळ भिजवले होते. नातीनं पाण्याचा हट्ट धरला म्हणून मंडळी घरी जायच्या आधी दुपारी सरळ पार्कवरच आली. जावयाच्या दोस्ताची जीप होती, तो बी संगं होता. वाटेत ढाब्यावर थांबून जेवले होते.

"राम राम मामा!" जावई लांबूनच ओरडला.

मी कानामागं हात धरला. "गाव कोणतं?"

लेक हसली. "अवं बाबा, आमी हाव की!"

"दिसायलंय मला. गाव कोणतं, पाव्हणं?"

जावयाला गंमत वाटली. तो वाकला आणि माझ्या कानात ओरडला, "सोनपेठ!"

वास आला. शेजारी खेटून उभ्या दोस्ताच्या तोंडालाही तोच वास. मी उठून उभा राहिलो. लेकीनं ते पाहिलं आणि तिचं हसू गेलं. मी उठलो की काय होतं, हे तिला ठाऊक होतं.

"लेक अन् नात जाऊ द्या आत. तुमी दोघं न्हाई."

"चेष्टा करायलाव का मामा?"

"न्हाई."

दोस्त पुढं आला. "म्हातारबा, उद्या ह्यांचे पाय धुणार तुमी, अन् आज गेटवर अडवायलाव?"

"उद्याचं उद्या. आज मी कामावर हाय."

"एकेक बीअर घेतली फक्त. तिला काय दारू म्हणतेत?" जावई म्हणाला.

"जिनिंगमध्ये एकाच काडीनं आग लागती," मी म्हणलं.

मागं रांग लागली होती. बाया होत्या, लेकरं होती, सगळे बघायले होते. आज जावयाला सोडला असता तर दुसऱ्या दिवशी मी कोणत्या तोंडानं कुणाला अडवलं असतं? मालक ऑफिसातून आला. "काका, घरचेच हायेत. जाऊ द्या."

"जाऊ देतो. पण मग हे स्टूल तुमी सांभाळा, मालक."

मालकानं स्टुलाकडं बघितलं आणि परत ऑफिसात गेला.

जावयाचं तोंड लाल झालं. "मग तुमचं वाण बी नको मला. आत्ताच्या आत्ता निघतो सोनपेठला. चल गं!"

आता खरा पेच पडला. धोंड्याच्या महिन्यात जावई सासरच्या दारातून वाण न घेता परत गेला, तर माझं काही जात नव्हतं. पण लेकीला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं. सासू बोलली असती, नणंदा बोलल्या असत्या, प्रत्येक सणाला बोलल्या असत्या. मला ते सगळं कळत होतं. तरी मी बाजूला झालो न्हाई.

लेकीनं नातीचा हात धरला. आधी नवऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग ती माझ्याजवळ आली, वाकली आणि कानात मोठ्यानं म्हणाली, "सोनपेठ." सरळ आत गेली. मागं वळून बघितलं न्हाई. माझीच लेक ती.

दोस्त बडबडत जीप घेऊन निघून गेला. बायको आत, गाडी गेलेली, जावई लिंबाखालच्या दगडावर बसला. मी त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. त्यानं तो बाजूला ठेवला. थोड्या वेळानं मी बघत न्हाई असं वाटून प्याला.

दोन-अडीच तास तो तिथून माझं काम बघत होता. गाव कोणतं, ऐकू येईना, जवळ या. एका पिलेल्याला मी माघारी लावला, त्यानं माझ्या म्हातारपणाचा उद्धार केला, तेही त्यानं बघितलं. नंतर उठून माझ्याजवळ आला.

"मामा, तुमचे कान चांगले हायेत."

"हायेत."

"मला वाटायचं, तुमाला ऐकू कमी येतं. चार वर्षं झाली, घरात ओरडून बोलायलोय तुमच्याशी."

"मी काही म्हणलो न्हाई. मान देऊन बोलायलाव असं वाटायचं."

त्याला हसू आलं, पण ते त्यानं दाबलं आणि परत दगडावर जाऊन बसला.

संध्याकाळी घरी गेल्यावर आमची घरवाली माझ्यावर तुटून पडली. "जावयाला दगडावर बसवलंत? उद्या पाटावर न्हाई बसला तर काय करताव?" जावई चार घास जेवून बाहेरच्या खोलीत झोपला. मी माफी मागितली न्हाई. त्यानंही न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंधारातच उठलो. पाणी मी स्वतः तापवलं, घरवालीला हात लावू दिला न्हाई. दोन पाट मांडले, परात ठेवली, अनारशांच्या ताटात दिवा लावला. मग बाहेरच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"पाव्हणं, पाणी गार व्हायलंय."

जावई जागाच होता. उठला, चूळ भरली आणि लेकीच्या शेजारी पाटावर येऊन बसला. मी खाली बसून त्याचे पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं, वाण हातात दिलं आणि दोघांसमोर डोकं टेकवलं. पाणी जरा जास्तच कढत झालं होतं, पण त्यानं पाय ओढले न्हाईत.

मग मी टोपी घातली, डबा घेतला आणि कामावर निघालो. रविवार होता, गर्दी असणार होती.