मापाला लागलेलं कुंकू

खराब नग सापडला की वैजूआक्का टाळी वाजवायची. एकच टाळी, पण ग्राइंडिंगच्या आवाजातही शेवटच्या मशीनपर्यंत ऐकू जाईल अशी. मग तो नग उंच धरून "सापडला रं, सापडला!" म्हणत ती शेडच्या मधून चालत यायची. हरवलेली म्हैस दावणीला परत यावी तसा तिच्या चेहऱ्यावर आनंद असायचा. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. माल वाया गेलाय आणि ही बाई टाळ्या पिटतेय!

बेळगावात उद्यमबागेत माझा लहानसा कारखाना आहे. पंपाचे शाफ्ट आम्ही घासून मापात आणतो. वैजयंता हे तिचं पूर्ण नाव. वडगावच्या विणकराच्या घरातली, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. एका मोठ्या कारखान्याच्या तपासणी विभागात बरीच वर्षं काढून ती माझ्याकडे आली. सुती साडीवर निळा एप्रन, चष्मा कायम कपाळावर, आवाज खणखणीत. आपल्याला किती येतं हे ती कधी लपवत नसे. "मालक, माझ्यासारखी बाई तुमाला गावणार न्हाय," असं तिनं मुलाखतीतच सांगितलं होतं. मी तिच्यापेक्षा लहान, म्हणून तिला आक्का म्हणायचो. ती मला मालक म्हणायची, पण त्या शब्दात चेष्टाच जास्त असायची.

आली त्याच आठवड्यात ग्राइंडिंगवरचा बसू एक शाफ्ट लोखंडाच्या चुऱ्याखाली दडवताना तिला दिसला. मी ओरडत धावलोच. मला बाजूला सारून तिनं टेबलावरचा स्टीलचा डबा उघडला आणि चमचाभर कुंदा, आमच्या बेळगावची दुधाची मिठाई, बसूच्या हातावर ठेवला.

"खा. आणि आता सांग, कशानं बिघडला?"

बसू घाबरून माझ्याकडे बघत होता. कुंदा तोंडात जाईना. शेवटी म्हणाला, "चाक झिजलंय ओ आक्का. दोन दिस झाले. मालक ओरडतील म्हणून बोललो न्हाय."

हे मला आजही टोचतं. चाक झिजलं होतं हे खरं, पण तो नग चुऱ्याखाली गेला तो माझ्या तोंडामुळे. माझ्या ओरडण्यानं कारखान्यात चुका कमी होत नव्हत्या, फक्त दिसेनाशा होत होत्या. किती वर्षं मी असा माल बाहेर पाठवला असेन, कुणास ठाऊक.

त्या दिवसापासून माणसं आपापले बिघडलेले नग स्वतः आणू लागली. बसू तर कानडीत "सिकतु, सापडला!" असं ओरडतच यायचा. आक्का त्याला टोला हाणायची, "कुंदा खायला मुद्दाम चुकायलालास व्हय रं? उद्यापास्नं तुला नुसती साखर!" सगळे हसायचे. हसत हसत चाक बदललं जायचं, मशीनची ढिली पट्टी कळायची, आणि महिनाभरात परत येणारा माल जवळजवळ थांबला.

"चूक म्हंजे पावणी," ती म्हणायची. "दारात हाय तवर वळखायची. गिऱ्हाइकाच्या घरात शिरली की मग ती चोर." मी एकदा म्हणालो, आक्का, तुमच्या तपासणीमुळे माल सुधारला. ती उसळली. "तपासून कुठला माल सुधारतोय? तपासणी म्हंजे आरसा. आरशात बघून तोंड धुतलं जातंय व्हय? तोंड मशीनवर धुवायचं!"

मग कोल्हापूरच्या एका मोठ्या पंप कारखान्याची ऑर्डर आली. पहिला लॉट पसंत पडला तर आमच्याकडे दुसरी पाळी सुरू होणार होती. नापसंत झाला तर आहेत त्या माणसांतल्याही काहींना घरी बसवावं लागणार होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. खंडेनवमीला पूजा म्हणूनच दणक्यात झाली. नारळ मी फोडला. यंत्रांना हळदकुंकू आक्कानं लावलं. विणकराच्या घरची रीत तिच्या हातात होती. त्यांच्याकडे मागाची पूजा करताना धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याच्या आतल्या बाजूलाही बोट फिरवतात. तसंच तिनं प्रत्येक मशीनला, प्रत्येक हत्याराला कुंकू लावलं. शाफ्ट मापायचं गेजही सोडलं नाही.

हे गेज म्हणजे घोड्याच्या नालेसारखा पोलादी तुकडा. त्याच्या तोंडात दोन फटी असतात. शाफ्ट पहिल्या फटीतून गेला पाहिजे आणि दुसरीत अडला पाहिजे. तसं झालं तर माल बरोबर. दुसरीतूनही पार झाला तर समजायचं, शाफ्ट बारीक घासला गेलाय.

दसरा झाला, काम सुरू झालं. पहिला लॉट तयार होऊन शिवा ड्रायव्हरच्या टेम्पोत चढला आणि सकाळी कोल्हापूरकडे गेला. मी खुशीत चहा मागवला. आक्का मात्र टेबलाशी गप्प बसून होती. असं कधी होत नसे.

"मालक, दसऱ्यापास्नं एकबी नग वाईट निघाला न्हाय."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं कुठलं? मशीन तीच, माणसं तीच. एकबी चूक न्हाय म्हंजे चूक आपल्या मापात हाय."

तिनं गेज उचललं, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पदराचं टोक दुसऱ्या फटीत घालून ओढलं. पदरावर लालसर पिवळा डाग उमटला. पहिल्या फटीतलं शाफ्टच्या ये-जा करण्यानं पुसलं गेलं होतं, पण हिच्यात हळदकुंकू तेलात कालवून आत वाळलं होतं. केसाहून पातळ थर, पण तेवढ्यानं फट अरुंद झाली होती. जो शाफ्ट आरपार जायला हवा होता तो अडत होता, आणि आम्ही बारीक शाफ्टला बरोबर म्हणत होतो. पंपात बसवल्यावर असल्या शाफ्टच्या कडेनं तेल गळायला लागलं असतं.

"रोज पुसतीया की मी हे," ती हळू आवाजात म्हणाली. "पण पूजेचं कुंकू पुसू ने, आपसूक जाऊ द्यावं, आई म्हणायची. म्हणून राहू दिलं."

शेडमध्ये सगळे थांबले होते. आक्काचीच चूक. आता काय होणार? बसूसुद्धा खाली बघत होता. आणि मग तिनं टाळी वाजवली. आजवरची सगळ्यात मोठी.

"सापडली रं, सापडली! ह्यावेळची माझी हाय!" बसूच्या हातात डबा देऊन ती म्हणाली, "वाढ मला. आणि मालक, गाडी काढा!"

शिवा फोन उचलत नव्हता. आम्ही हायवेला लागलो. संकेश्वरजवळ उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता. मी हॉर्न मारत होतो, घामानं शर्ट अंगाला चिकटला होता, आणि शेजारी ही बाई लहान मुलीसारखी पुढे वाकून बघत होती. "त्यो बघा निळा टेम्पो! न्हाय न्हाय, त्यो कोंबड्यांचा. मारा की गाडी, मालक! चूक पळायलालीया म्होरं!" तशातही मला हसू फुटलं. इतकं जिवंत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

निपाणीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर शिवा सापडला. फोन गाडीत ठेवून निवांत भजी खात होता. आक्कानं पेटी फोडली, पुसलेलं गेज लावलं. पहिलाच शाफ्ट दुसऱ्या फटीतून सुळकन निघून गेला.

मी सुटकेचा श्वास सोडला. "देव पावला, वाटेतच गाठलं. चला, परत फिरू. टेम्पो बिघडला म्हणून कळवतो. कुणाला काय कळतंय?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बसूनं चुऱ्याखाली दडवला, तुमी निपाणीत दडवायलालाय. फरक काय, मालक?"

मी शिवाला परत पाठवलं आणि तो एक शाफ्ट घेऊन आम्ही कोल्हापूर गाठलं. तिथल्या खरेदी अधिकाऱ्यासमोर तिनं तो ठेवला आणि कुंकवापासून सगळं सांगितलं. "माप खोटं हुतं सायेब. म्हणून सगळा लॉट खोटा धरा. परत मापून, नवा करून आणतो." तो माणूस भडकला. तुमच्या पूजेपायी आमची लाइन थांबवायची का, असं बरंच बोलला. चूक कुणाची, असंही त्यानं विचारलं. "माझी," ती म्हणाली. नारळ मी फोडला होता, कारखाना माझा होता, आणि मी चहाच्या कपाकडे बघत बसलो होतो. ते बसणं मला अजून झोपेत आठवतं.

त्यानं निम्मी ऑर्डर काढून घेतली. उरलेल्या निम्म्यावर आम्ही तगलो. कुणाला घरी बसवावं लागलं नाही, पण दुसरी पाळीही सुरू झाली नाही. वर्षभरानं त्याच अधिकाऱ्याचा फोन आला. मला नाही, तिला. बाहेरून येणारा माल तपासायला त्यांना माणूस हवं होतं.

मी तिला अडवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "मालक, तुमच्याकडं आता चुका लपत न्हाईत. तिथं लई लपत्यात. जाऊ द्या मला." तिच्या डोळ्यांतली ती चमक बघून मी तिला जाऊ दिलं.

परवा ती आमचा लॉट तपासायला उद्यमबागेत आली. गळ्यात कोल्हापूरच्या कारखान्याचं ओळखपत्र, चष्मा मात्र कपाळावरच. बसू पळत आला, सगळे गोळा झाले. मीही पुढे होऊन म्हणालो, "या आक्का, आधी चहा घ्या."

तिनं हात वर केला. "आज आक्का म्हणू नका. आक्का म्हटलं की हात ढिला पडतोय."

ती हसत नव्हती.

"बरं, मॅडम," मी म्हणालो, आणि पहिली पेटी मी स्वतःच उघडून तिच्यापुढे ठेवली.