हातखंब्यापर्यंत तीनदा बंद

सकाळी सहाला कोल्हापूर सोडलं. गाडी बाबांची, वयाने माझ्याहून मोठी. आणि मी सत्तावन्नची. जुनं घर सोडून आम्ही फ्लॅटमध्ये जाणार होतो. तिथे गाडीला जागा नव्हती आणि बाबांना तीन जिने झेपणारे नव्हते. म्हणून गाडी आणि बाबा दोघंही रत्नागिरीला, माझा धाकटा भाऊ अजित याच्याकडे राहायला निघाले होते. अजितने फोनवर सांगून ठेवलं होतं, "ताई, गाडी चालत आली तर शेडमध्ये जागा देतो. ओढत आणलीस तर तशीच भंगारात." फोन स्पीकरवर होता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाबांनी ते ऐकलं आणि चहा तसाच ठेवून उठले.

आदल्या दिवशी त्यांनी पॉइंट (इंजिनाला ठिणगी देणारी, उघडझाप करणारी दोन छोटी टोकं) स्वतः लावले. त्या टोकांमध्ये जाड कागदाएवढी फट ठेवावी लागते. बाबांचे हात थरथरत होते, तरी मला जवळ येऊ दिलं नाही. मग मी माझ्या परीने गाडीची सेवा केली. टाकी काठोकाठ भरली, आणि पेट्रोलचा वास येतो म्हणून टाकीचं गंजकं झाकण टाकून देऊन नवं घट्ट झाकण बसवलं.

मलकापूरच्या पुढे गाडीने दोन आचके दिले आणि गप्प झाली. बाबांनी बॉनेट उघडलं. "माझीच फट चुकली असणार," म्हणाले. पॉलिश पेपरने पॉइंट घासले, पुन्हा लावले. वीसेक मिनिटं गेली. किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. त्यांचं निदान खरं ठरलं होतं, पण त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच.

आंबा घाट मात्र मजेत उतरलो. उताराला इंजिनाला काम नसतं. वरचा गारवा हळूहळू सुटला, हवा दमट झाली, आणि खाली आंब्याच्या मोहराचा वास गाडीत शिरला. बाबा खिडकीची काच खाली करून बसले होते. घाटात त्यांनी मला गिअरबद्दल चारदा टोकलं, म्हणजे तब्येत ठीक होती.

साखरप्यात शिरता शिरता गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी बाबांच्या हातून पॉइंटचा स्क्रू निसटला आणि आम्ही दोघं रस्त्यावर ओणवे होऊन तो शोधत राहिलो. सापडल्यावर त्यांनी तो पुन्हा पाडला. "राहू द्या बाबा, द्या इकडे," म्हणत मी त्यांच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. ते मागच्या सीटवर जाऊन बसले. मी पॉइंट घासले, लावले, समोरच्या हॉटेलातून गरम कांदाभजी आणली. त्यांनी एकच खाल्लं. त्यात अर्धा तास गेला. गाडी सुरू झाली. म्हणजे दोष त्यांच्या हातांचाच, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

पालीनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कातळ (जांभ्या दगडाचा उघडा सडा) तापू लागला होता. हातखंब्याच्या तिठ्याआधी तिसऱ्यांदा तेच झालं, आणि आता पाच मिनिटांत पॉइंट घासूनही काही होईना. एक टेम्पोवाला दोरी घेऊन पुढे आला. रत्नागिरी जेमतेम पंधरा किलोमीटर राहिली होती.

"लाव दोरी," बाबा मागून म्हणाले. "अजितला सांग, गेली."

शेजारी छत्रीखाली एक बाई मासे विकत होती. तिचा नवरा मघापासून आमच्याकडे बघत उभा होता. छोट्या होडीवर मासेमारी करणारा माणूस. तो जवळ आला.

"काय झाला वो बाय?"

"पॉइंट गेलेत."

"पॉइंटाचा माका काय कळत नाय. टाकीची हवा उघडी हाय काय?"

मला प्रश्नच समजला नाही. त्याने समजावलं, "होडीच्या मशीनच्या टाकीक झाकणावर हवेचा पेच असतो. तो उघडूक इसरला, का मशीन थोडा चालता नि गप ऱ्हवता. पेट्रोल भायेर जाताना आत हवा नको काय?"

मी मागे जाऊन झाकण फिरवलं. टाकीने फुस्स करून केवढा तरी वेळ हवा आत ओढली. आधी दोनदा गाडी सुरू झाली ती पॉइंट घासल्याने नव्हे, तेवढा वेळ थांबल्याने थोडी हवा आत झिरपली म्हणून. पाच-सहा वेळा स्टार्टर मारला आणि इंजिन धडधडू लागलं. त्या माणसाने झाकण दूर नेलं, खिळा आणि दगड घेऊन त्याला बारीकसं भोक पाडलं, फडक्याने पुसून माझ्या हातात दिलं.

बाबा उतरून आले होते. त्यांनी झाकण घेतलं, उलटंसुलटं पाहिलं.

"हे कधी बदललंस?"

"काल."

"जुन्याला भोक होतं," ते म्हणाले. एवढंच.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पॉइंट बरोबर होते, बाबा," मी म्हणाले. "तुम्ही लावलेत तेव्हापासून." टेम्पोवाला, मासेवाली, तिचा नवरा सगळे ऐकत होते. बाबांनी मान हलवली, झाकण स्वतः बसवलं आणि पुढच्या सीटवर येऊन बसले.

अजितच्या दारात गाडी हॉर्न वाजवत शिरली. रात्रीच्या जेवणाला बांगड्याचं तिखलं (कोकणी पद्धतीचं दाट, तिखट कालवण) आणि भात होता. झाकणाची गोष्ट मी स्वतःच सांगितली. अजित पोट धरून हसला. बाबाही हसले आणि दुसऱ्यांदा भात घेतला.

तिसऱ्या दिवशी एसटीने एकटी परत निघाले. गेल्या तीन वर्षांत आम्ही बाबांना गॅस पेटवू देत नव्हतो, काचेचा ग्लास देत नव्हतो, इस्त्रीला हात लावू देत नव्हतो. काही बिघडलं की आमची नजर आधी त्यांच्या हातांकडे जायची. आपण काय बदलून ठेवलंय, हे आम्ही कधी तपासलं नाही. याची मला लाज वाटली, आणि घाट चढेपर्यंत ती गेली नाही.

वर आंबा गावात फोनला रेंज आली आणि अजितचाच फोन आला. "ताई, बाबांनी सकाळपासून कार्ब्युरेटर खोलून ठेवलाय. वर्तमानपत्रावर सगळे तुकडे पसरलेत. मी घेऊ का त्यांच्याकडून?"

"नको," मी म्हणाले. "तू त्याला हात लावू नकोस."